घराच्या मावळतीला कोणते झाड लावावे?



कन्नड तालुक्यात, पिशोरच्या बाजूला, वैशाखातली एखादी दुपार ज्याने पत्र्याच्या घरात काढली आहे, त्याला ऊन म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. पण त्या उन्हाची एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात आलेली नसते. भर बाराला पत्रा तापतो हे खरे. पण दिवस मावळल्यावर तो लवकर निवतोही. रात्री अकरा-बारापर्यंत घरात जी धग राहते, ती बरीचशी पश्चिमेच्या भिंतीची. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत तिरपे ऊन त्या भिंतीवर आदळत असते, आणि तेव्हा घेतलेली उष्णता ती भिंत रात्री घरात सोडते. आपल्या आजा-पणज्यांची घरे माळवदाची होती. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंतींतून ऊन आत पोचेपर्यंत दिवस सरून जायचा. आताची भिंत नऊ इंची विटेची, कित्येक ठिकाणी तर त्याहूनही पातळ. तेव्हा तिच्यापुढे काहीतरी आड उभे करणे भाग आहे, आणि ते आड झाडाचे असावे हे उत्तम. मात्र ऐन वैशाखात उपयोगी पडायचे, तर ते झाड त्या वेळी पानांनी भरलेले पाहिजे. म्हणून आज बारमाही हिरव्या, म्हणजे सदाहरित झाडांविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

सदाहरित याचा अर्थ त्या झाडाचे पान कधी गळतच नाही, असा नव्हे. आंब्याखाली रोज झाडून काढावे लागते, हे आपल्या घरातल्या बायामाणसांना चांगले ठाऊक आहे. फरक इतकाच की, पळस किंवा सागवान आपली सगळी पाने एका हंगामात टाकून देतो आणि उघडा-बोडका उभा राहतो. आंबा, बकुळ, चिकू ही झाडे थोडी थोडी पाने आळीपाळीने टाकतात आणि नवी धरतात. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी जात आहे, आणि आपल्या मुलखाच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. लिंब आणि करंज ही ती झाडे. (आपण मराठवाड्यात ज्याला लिंब म्हणतो तोच पुस्तकातला कडुनिंब.) ही झाडे फाल्गुनाच्या सुमारास पाने टाकतात, पण चार-दोन आठवड्यांतच तांबूस कोवळी पालवी घेऊन पुन्हा भरगच्च होतात. गुढीपाडव्याला लिंबाचा कोवळा पाला आपल्याला मिळतो तो त्यामुळेच. काटेकोर शास्त्र यांना पूर्ण सदाहरित म्हणणार नाही. पण ऊन ज्या दोन-अडीच महिन्यांत माणसाला छळते, नेमक्या त्याच महिन्यांत यांची सावली सर्वांत दाट असते. घर बांधणाऱ्याला याहून अधिक काय पाहिजे?

पिशोरच्या उत्तरेकडे अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत. त्याच रांगांत गौताळा औट्रम घाट अभयारण्य आहे. ते १९८६ साली जाहीर झाले. तिथले जंगल शुष्क पानझडीचे आहे. सागवान, खैर, सालई, पळस ही झाडे उन्हाळ्यात पाने टाकतात ती हौस म्हणून नव्हे. पानांवाटे पाणी उडून जाते, आणि मुरमाड उतारावर ते भरून काढायला खाली ओल नसते. म्हणजे आपल्या जमिनीचा स्वभावच असा, की वरून पाऊस चार महिने आणि पुढे आठ महिने ज्याने-त्याने आपल्यापुरते बघावे. अशा जमिनीत बारमाही हिरवे झाड दोन कारणांनीच टिकते. एक तर त्याचे मूळ फार खोल जाते, नाहीतर ते पाण्याशेजारी उभे असते. ओढ्याकाठी, नदीकाठी हिंडून पाहा. अंजनेसारख्या नद्यांच्या काठाने करंज, जांभूळ, उंबर आढळतात, आणि माळावर एकटा उभा असतो तो लिंब. कोणत्या जागी काय लावावे, याचा निम्मा निकाल निसर्गाने असा आधीच लावून ठेवलेला आहे. रोपवाटिकेत जाण्याआधी एकदा ओढ्याला आणि एकदा माळाला जाऊन यावे.

आता दिशेचा विचार. हा भाग जरा नीट ऐकावा. शिक्षकबंधूंनी तर मुलांकडून करवून घ्यावा. आपला प्रदेश सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या आगेमागे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीला सावलीच पडत नाही. जून महिन्यात तर तो माथ्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो, आणि मावळतो तो ठीक पश्चिमेला नव्हे, तर पश्चिमेच्या जवळजवळ २५ अंश उत्तरेला. उलट पौषाच्या सुमारास दुपारचा सूर्य दक्षिणेला इतका कललेला असतो की, ४ फुटांच्या काठीची सावली उत्तरेकडे जवळजवळ काठीएवढीच पडते. यावरून उघड होते की, उन्हाळ्याचे ऊन अडवायचे तर दाट पानांचे झाड घराच्या पश्चिमेला आणि वायव्येला पाहिजे. उन्हाळी झळाही आपल्याकडे बहुतेक त्याच अंगाने येतात. दक्षिणेची बाजू मात्र मोकळी ठेवावी. थंडीत म्हातारी माणसे, बाळंतिणी, तान्ही पोरे उन्हाला बसतात ती दक्षिणेच्या ओट्यावर. तिथे दाट आंबा लावला, तर वैशाखात फारसा फायदा नाही आणि पौषात तोटा मात्र नक्की. दक्षिणेला काही लावायचेच असेल, तर थंडीत पान टाकणारे झाड लावावे. शेवगा विरळ पानांचा असतो, तोही चालतो.

झाड घरापासून किती लांब असावे? इथे आपली माणसे हमखास घाई करतात. सावली लवकर मिळावी म्हणून भिंतीपासून चार हातांवर लिंब लावतात, आणि पंधरा वर्षांनी एक तर भिंत जाते, नाहीतर झाड. पण सावलीसाठी इतके जवळ जाण्याची मुळी गरजच नाही. मे महिन्यात घड्याळात साडेचारच्या सुमारास ४ फुटांची काठी जमिनीत उभी करून सावली मोजा; ती सुमारे ६ फूट भरेल. म्हणजे सावली उंचीच्या दीडपट झाली. त्या हिशेबाने २० फूट उंचीच्या झाडाची सावली त्या वेळी ३० फुटांवर पोचते. झाड भिंतीपासून २० फुटांवर असले, तरी भिंतीचा खालचा साडेसहा फुटांचा भाग सावलीत येतो, आणि पाचनंतर तर सगळीच भिंत. तेव्हा लिंब, करंज, जांभूळ, रायवळ आंबा यांना २० ते ३० फूट अंतर द्या. काही हरवत नाही.

काळ्या जमिनीत या अंतराला आणखी महत्त्व आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. मोठे झाड पायाजवळची ओल शोषून घेते, त्या बाजूची माती अधिक आकसते, आणि भिंतीला तिरपी चीर जाते. मग लोक म्हणतात, मुळाने भिंत उचलली! मुळाने काही उचललेले नसते. माती खचलेली असते. मुरमावर किंवा खडकावर पाया असेल, तर हे भय फार कमी. वड, पिंपळ आणि उंबर यांची गोष्ट वेगळी. त्यांची मुळे दगडाच्या सांधीत शिरतात, विहिरीचे बांधकाम फोडतात. ही झाडे देवळापाशी, गायरानात, पाणवठ्याच्या वाटेवर असावीत. घराच्या आवारात नकोत. शेजाऱ्याची विहीर जवळ असेल तर आधीच बोलून घ्यावे. झाडावरून आणि बांधावरून भाऊबंदकीत उभे राहिलेले तंटे आपण सर्वांनी पाहिले आहेत. विजेच्या तारेखाली तर कधीच लावू नये. तारवाले येऊन शेंडा छाटतात तेव्हा त्यांना दोष देऊन उपयोग नाही.

आता एकेक झाड बघू. कोरडी, मुरमाड जागा असेल आणि पाण्याची ओढाताण असेल, तर पहिला मान लिंबाचा. मूळ खोल जाते, दुष्काळाला दाद देत नाही, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. अलीकडे काही वर्षांत लिंबाचे शेंडे जळाल्यासारखे तपकिरी झालेले दिसतात. तेलंगणात २०२१ साली हा प्रकार फार मोठ्या प्रमाणावर दिसला. बुरशी आणि रस शोषणारा एक किडा अशी दोन्ही कारणे त्यामागे सांगितली जातात. झाड मेले असे समजून लगेच कुऱ्हाड लावू नये. पुष्कळ झाडे पावसाळ्यात पुन्हा फुटतात. पण यातून एवढे घ्यावे की, सगळ्या अंगणात एकाच जातीची झाडे नकोत.

करंजाला आपल्याकडे मान मिळत नाही, याचे मला नवल वाटते. वैशाखात करंजाखाली बसून पाहा, आणि मग दुसऱ्या झाडाखाली बसा. पान चकचकीत, सावली गच्च, शिवाय मुळांवर गाठी धरून हवेतला नत्र जमिनीला देणारे हे शेंगावर्गातले झाड आहे. शेळी सहसा त्याला तोंड लावत नाही. गावात कुंपण राखणे किती कठीण असते हे ज्याला माहीत आहे, त्याला या एका गुणाची किंमत कळेल. बी कडू आणि अपायकारक असते, एवढे पोरांना सांगून ठेवावे.

जांभूळ खोल जमिनीत आणि ओलीच्या आसऱ्याने फार छान वाढते. पण फळांचा सडा पडतो, फरशी जांभळी होते, माश्या येतात. म्हणून ते ओट्यापासून दूर, न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर असावे. चिंच मोठ्या आवारालाच शोभते. वाऱ्याला ती हार जात नाही, आयुष्य दांडगे. मात्र तिच्याखाली दुसरे काही धड येत नाही. चिंचेवर भूत असते म्हणून कोणी ती लावत नसेल, तर त्याने खुशाल लावावी.

जागा लहान असेल तर बकुळ. वाढते अगदी सावकाश, दहा वर्षे धीर धरावा लागतो. पण घुमटाकार, नीटस, बारमाही दाट असे घरगुती झाड याच्यासारखे दुसरे नाही, आणि फूल वाळले तरी वास जात नाही. सावलीबरोबर फळही हवे, तर कलमी केशर आंबा लावावा. मराठवाड्याच्या केशराला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. कलमाचे झाड रायवळाइतके पसरत नाही, त्याला १५ फूट अंतर पुरते. छत्रपती संभाजीनगरला हिमायत बागेत कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. कलम घ्यायचे तर अशा खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावे, गाडीवर फिरून विकणाऱ्याकडून नव्हे. चिकू, पेरू, लिंबोणी, कढीपत्ता ही लहान झाडे परसात, सांडपाण्यावर होतात. भिंत थोपवण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये.

काही झाडांविषयी सावध करणे जरूर आहे. बंगल्यांच्या कडेने उंच सुळक्यासारखा उभा असतो त्याला लोक अशोक म्हणतात. तो खरा अशोक नव्हे, आसोपालव. वर्षभर हिरवा असतो, जागा कमी घेतो, धूळ अडवतो. पण सावली म्हणाल तर उदबत्तीची पडेल तेवढी. खरा सीता-अशोक सह्याद्रीतल्या ओलसर सावलीचा रहिवासी. आपल्या झळांत त्याला जगवायचे, तर कोवळ्या वयात कोणाच्या तरी सावलीत ठेवावे लागते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. फुलला की डोळ्याचे पारणे फिटते, पण लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ; वळवाच्या वादळात त्याची फांदी पत्र्यावर येते. पिवळी कण्हेर बारमाही हिरवी आणि काटक खरी, पण तिचे बी जहाल विषारी आहे. शाळेच्या आणि अंगणवाडीच्या आवारात ती असू नये, असेल तर काढून टाकावी. आणि गेल्या काही वर्षांत कोनोकार्पस नावाचे एक परदेशी झाड झटपट हिरवी भिंत होते म्हणून जिकडेतिकडे लावले गेले. गुजरात सरकारच्या वनखात्याने २०२३ साली त्याच्या लागवडीला बंदी घातली. मुळे नळ-गटारांत शिरतात आणि परागकणांमुळे श्वासाचे विकार वाढतात, ही कारणे देण्यात आली. झटपट वाढणाऱ्या झाडाची शिफारस कोणी करू लागला, की तो ते विकतो आहे काय, हे आधी पाहावे.

लागवडीची तयारी वैशाखातच करावी. मुरमात ३ फूट लांब, ३ फूट रुंद आणि ३ फूट खोल खड्डा घ्यावा आणि तळ पहारीने फोडून ठेवावा, नाहीतर मूळ तिथेच अडते. खड्डा ऊन खात पडू द्यावा. मग वरची माती, दोन घमेली मुरलेले शेणखत आणि दोन ओंजळी निंबोळी पेंड मिसळून भरावा. काळ्या जमिनीत मात्र खोल खड्डा करू नये. तिथे खड्डा म्हणजे पाणी साठण्याचे भांडे होते आणि रोपाची मुळे कुजतात. तिथे माती मोकळी करून रोप वीतभर उंचवट्यावर लावावे. मृगाच्या पहिल्या सरीला धावू नये. पुष्कळदा ती सर येते आणि पुढे पंधरा दिवस उघाड पडते. जमीन हातभर खोल भिजली की आर्द्रा-पुनर्वसूत लावावे.

रोप निवडताना उंची पाहून भुलू नका. दोन-अडीच फुटांचे, पेन्सिलीएवढ्या जाडीचे, सरळ रोप चांगले. पिशवीत वर्षानुवर्षे राहिलेल्या उंच रोपाची मुळे आत गोल गोल फिरलेली असतात. ती जमिनीत गेल्यावरही तशीच फिरत राहतात, आणि आठ-दहा वर्षांनी झाड वाऱ्याने उन्मळते. पिशवी फाडून काढावी आणि वेढा घेतलेली मुळे विळ्याने कापावीत. लिंब आणि जांभूळ यांच्या बाबतीत तर त्याहून सोपा उपाय आहे. निंबोळी आणि जांभळाचे बी ताजे असतानाच रुजते, साठवले की थोड्याच आठवड्यांत निकामी होते; आणि दोन्ही फळे पिकतात नेमकी पावसाच्या तोंडाशी. तेव्हा जिथे झाड हवे तिथेच चार-पाच ताजी बिये टाकावीत आणि पुढे एक जोमदार रोप ठेवून बाकीची उपटावीत. अशा झाडाचे सोटमूळ कधी तुटलेले नसते, म्हणून ते पहिल्या वर्षी लहान दिसले तरी पुढे रोपवाटिकेच्या रोपाला मागे टाकते.

आधाराची काठी लावावी, पण रोप जखडून बांधू नये. वाऱ्याने थोडे हलले म्हणजेच खोड जाड होते. बोराटीच्या काट्यांचे कुंपण घालावे. खालच्या फांद्या पहिली दोन वर्षे छाटू नयेत. त्यांची पानेच खोडाला पोसतात.

आणि आता पाणी. वनमहोत्सव कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५० साली सुरू केला. आपल्या राज्याने १ जुलै २०१६ रोजी एका दिवसात २ कोटी झाडे लावण्याचा, आणि २०१९ साली ३३ कोटींचा संकल्प केला. लावण्यात आपण कमी नाही. पण कित्येक गावांत खड्डा तोच आणि दरवर्षी रोप नवे, असे चालते. याचे कारण घरातच शोधावे. झाड लावतो पुरुष, फोटो काढतो पोरगा, आणि घागर वाहते घरातली बाई. किती झाडे लावायची, हे तिला विचारून ठरवले पाहिजे.

हिशेब फार अवघड नाही. पहिल्या वर्षी एका रोपाला आठवड्याला १५ लिटर पाणी, एकदाच पण खोलवर मुरेल असे दिले तर पुरते. रोज तांब्याभर शिंपडणे वाईट, त्याने मुळे वरच राहतात. कार्तिकापासून मृगापर्यंत सुमारे ३० आठवडे धरले, तर एका रोपाला ४५० लिटर झाले. चार रोपांना दिवसाकाठी साडेआठ-नऊ लिटर, म्हणजे बादलीभरही नाही. एका माणसाच्या अंघोळीच्या पाण्यात चार झाडे जगतात. दहा लावली तर दिवसाला २१ लिटर लागतील, आणि टँकरचे दिवस आले की दहाही जातील. यास्तव चारच लावावीत. कपड्यांच्या सोड्याचे पाणी रोज घालू नये, अंघोळीचे चालते. रोपाशेजारी बुडाला भोक पाडून चिंधीची वात घातलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि त्यात पाणी भरावे. ते थेंबाथेंबाने मुळाशी जाते, उन्हाने उडत नाही. आळ्यात तुरकाट्या, मक्याचा पाला, उसाचे पाचट यांचे चार बोटे जाड आच्छादन घालावे, फक्त खोडाला चिकटवू नये. दुसऱ्या वर्षी आळे एक हात बाहेर सरकवावे आणि पाणी दहा-बारा दिवसांनी द्यावे. तिसरा उन्हाळा निभावला की लिंब-करंजाचे पाणी तोडले तरी चालते. आंबा, चिकू यांना मात्र पुढेही लागते.

शाळांची एक अडचण वेगळी आहे. मे महिन्यात, जेव्हा रोपाला पाण्याची सर्वांत अधिक गरज, तेव्हा शाळेला सुट्टी असते. म्हणून शाळेची झाडे मैदानाच्या कडेने ओळीत शोभेसाठी न लावता, एक-दोन वर्गाच्या पश्चिमेला आणि एक पोषण आहाराची ताटे धुतात त्या जागेच्या उताराला लावावीत. वर्षभराचे पाणी आपोआप मिळते. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मुलांकडून मडकी भरून घ्यावीत, आच्छादन दुप्पट करावे, आणि शाळेशेजारच्या दोन घरी आठवड्याच्या बादलीचे सांगून ठेवावे. त्या घरची मुले त्याच शाळेत असतील, तर अधिक बरे.